मानेचा टाका

४ नोव्हेंबर

आप्पा,

तब्येत कशी आहे हे विचारायला हे पत्र नाही. ते ताईकडून कळतं. सात महिन्यांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आजही लिहिली नसती. पण ताईने कळवलंय की शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली माझी अर्धी राहिलेली मोटरसायकल होती ती तुम्ही मधे ओढलीत आणि तिच्यात इंजिन चढवायला घेतलंत. कुणाला विचारून?

फोनवर भांडलो असतो तर हलकं वाटलं असतं. पण तुमचे कान गेले. चाळीस वर्षं बिनसायलेन्सरच्या गाड्यांच्या बुडाशी कान लावून बसलात, आणि मग ऐकू येत नाही त्या डब्याला घरात जागा कशाला म्हणून फोनही काढून टाकलात. म्हणून हा लिहायचा उद्योग. मी सातवी नापास, पेन पान्यासारखा धरतो, सोबतचे हसतात. एका खोलीत चौघे आहोत. चार खाटा, एक खिडकी, आणि खिडकीतून दिसतात नुसते पाइप.

ते पाइप मीच वेल्डिंगचे टाके घालून जोडतो. इथे जोड झाला की त्याचा आतून फोटो काढतात, माणसाच्या छातीचा काढतात तसा. सुईच्या टोकाएवढी पोकळी राहिली तरी काळा ठिपका दिसतो. माझ्या लागोपाठ एकशेदहा जोडांचे फोटो स्वच्छ आलेत. जोडाशेजारी मी माझा नंबर ठोकतो, सत्तेचाळीस. ज्याचा जोड त्याचा नंबर. वाईट निघाला तर माझ्या नावाने बोंब, चांगला निघाला तर तोही माझाच. माझी पाठ वळल्यावर कुणी ग्राइंडर घेऊन येत नाही.

तुम्ही यायचात.

त्या गाडीची चासी मी एकट्याने वाकवली, एकट्याने जोडली. तुम्हाला बघूही दिली नव्हती. तिला हात लावू नका. इंजिन उतरवा, ताडपत्री घाला, कोपऱ्यात ढकला. आणि तिच्यावरचा एक जरी टाका घासलात तर मला कळेल. कसं कळेल ते विचारू नका.

वायसर


१५ नोव्हेंबर

वायसर,

अक्षर सुधारलंय. जीभ होती तिथेच आहे.

तू मला गाडी हलवायला बंदी घालतोस. शेड माझी, कोपरा माझा, ताडपत्रीसुद्धा माझी. पावसाचं पाणी त्या कोपऱ्यात शिरतं हे तुला ठाऊक होतं, तरी तिथेच टाकून गेलास. चासीला गंज चढायला लागला होता. गंजणारी गाडी मला बघवत नाही, मग ती कुणाचीही असो. चोराची असली तरी आधी तेल लावीन, मग पोलिसांना बोलवीन.

आता घासण्याचं. होय, घासले. अकरा गाड्यांवरचे तुझे टाके मी घासून काढले आणि त्या जागी माझे घातले. तू तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होतास. माझ्याकडे फोटो काढायचं यंत्र नव्हतं. हातोडी होती आणि तेव्हा कान होते. भरीव टाक्यावर हातोडी मारली की तो घंटेसारखा बोलतो, पोकळ टाका डब्यासारखा. तुझे डबे होते. त्यावर माणसं बसणार होती, डोंगरात जाणार होती. टाका तुटल्यावर त्यांना विचारायला जायचं होतं का, की बाबांनो, पोराचं मन मोडू की तुमची मान?

मी काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. तुझं काय ते एकदा सरळ लिही. सात महिने बहिणीच्या पदराआडून दगड मारतोयस.

आप्पा


२७ नोव्हेंबर

आप्पा,

सरळ हवंय? घ्या.

घासलेत म्हणून मी चिडलो नाही. खराब टाका घासायचाच असतो, इथे रोज घासतात. घासणारा माझ्या तोंडावर येऊन सांगतो, सत्तेचाळीस, हा भिकार आहे, पुन्हा घाल. मी शिव्या देतो आणि पुन्हा घालतो. म्हणून तर शिकलो. तुम्ही काय केलंत? मला बेअरिंगा आणायला बाजारात पाठवायचं आणि मागे गुपचूप घासायचं. परत आलो की तुम्ही आपले हात पुसत उभे. मी वेड्यासारखा माझाच टाका समजून त्यावरून बोट फिरवायचो, स्वतःवर खूश व्हायचो.

भूगोलाच्या बाई आठवतात? त्यांना पाय टेकायला नेहमीपेक्षा खाली सीट हवी होती, आणि आपण तशी गाडी करून दिली. त्या दोन महिने एकट्याच फिरून आल्या आणि शेडच्या दारात, दहा जणांच्या देखत त्यांनी विचारलं, इतक्या खड्ड्यांतून गेले, एक टाका हलला नाही, कुणी घातले हे. तुम्ही बोट माझ्याकडे केलंत. मी छाती काढली. वर्षभर ती गोष्ट मी सगळ्यांना सांगत फिरलो. तुम्ही ऐकत होतात. तेव्हा ऐकू येत होतं तुम्हाला. त्या गाडीवरचा एकही टाका माझा नव्हता.

कळलं कसं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. एका जोडावर मी टोच्याने बारीक खूण करून ठेवली होती, माझी म्हणून. बाजारातून आलो तर खूण नाही. टाका नवा. बाकाखाली हात घातला तर ग्राइंडर अजून गरम. मग मी एकेक गाडी आठवत गेलो आणि एकेक गाडी माझ्या हातून निघून गेली. तुम्ही माझे टाके घासले नाहीत आप्पा, मला घासलंत. म्हणून गेलो.

वायसर हे नावही तुम्हीच ठेवलंत. नट आणि लोखंड यांच्यामधे दाबायची चकती. मधे राहायचं आणि चपटं व्हायचं.

आता तुम्ही इंजिन उतरवणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही कुणाचं ऐकलंय? तर मग शब्द द्या. माझ्या चासीवरचा एकही टाका उघडणार नाही, घासणार नाही, त्यावर नवा चढवणार नाही. कागदावर लिहून द्या. तोंडी नको.

वायसर


९ डिसेंबर

वायसर,

शब्द दिला. तुझ्या चासीवरचा एकही टाका मी उघडणार नाही, घासणार नाही, वर नवा घालणार नाही. खाली सही करतोय, आणि तेलाचा अंगठाही आपोआप उठलाय. जपून ठेव.

माझ्या उस्तादाने घातलेला टाकासुद्धा मी कधी न तपासता सोडला नाही. त्याने मला त्यापायी दोनदा कानफटात मारली होती. मी तरी सोडला नाही. म्हणजे हा शब्द मला किती जड गेला ते समज. बाईंचं तू लिहिलंस ते खरं आहे. त्या दिवशी तुझं तोंड बघून माझ्याने बोलवलं नाही. नंतर रोज बोलायचं राहिलं. तुला मी दुकानात पाठवत होतो कारण तुझ्या देखत ग्राइंडर लावायची माझी छाती नव्हती. बस. यापुढे याच्यावर माझ्याकडून अक्षर मिळणार नाही. तू मात्र चपटं वगैरे लिहून नाटकं करू नकोस. वायसर नसेल तर नट सुटतो, हे तुला मी पाचव्या वर्षी सांगितलं होतं, ते विसरलास.

इंजिन बसलं. परवा पहिली किक मारली. ऐकू येत नाही म्हणून पेचकसाची मूठ दातात धरतो आणि टोक इंजिनला टेकवतो. आवाज दातांतून कवटीत चढतो. शेजारचा स्पेअरपार्टवाला म्हणतो, आप्पा गाडी खायला लागले. खाऊ दे म्हणावं. वॉल्व्ह जरा वाजत होता, बसवला. तुझे टाके मात्र असे दात लावून ऐकले नाहीत. शब्द दिल्यावर चोरून ऐकणं हेही घासणंच.

नुसते डोळ्यांनी बघितले, त्याला तुझी परवानगी लागत नाही. मागचे दोन टाके जाडेभरडे आहेत, पण धरलेत. मानेचा टाका, जिथे हँडल आणि पुढचं चाक लटकतं तिथला, चांगला गुळगुळीत आहे. रंगही नेटका. बरा टाका आहे. बरा म्हणतोय, चांगला नाही. डोक्यावर चढवून घेऊ नकोस.

आप्पा


२१ डिसेंबर

आप्पा,

पत्र मिळालं. इथे फार काम आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

मानेबद्दल लिहू नका. ती गाडी चालवू नका. इंजिन मी धरलं होतं त्यापेक्षा जड आहे, तुम्ही बसवलंय ते. चासी त्या वजनाची नाही. मी मार्चमध्ये सुट्टी मिळाली तर येईन आणि काय ते बघेन. तोवर स्टँडवर राहू द्या. कुणालाही बसू देऊ नका.

मी सांगतोय ना. एकदा तरी माझं ऐका. एवढं बजावून सांगितलं तरी तुमच्या डोक्यात शिरत नाही.

वायसर


४ जानेवारी

वायसर,

तुझं पत्र वाचून हसलो. इंजिन जड म्हणे. तू चासी वाकवलीस तेव्हा हेच इंजिन बाकाखाली पडलेलं होतं आणि तू त्यावर पाय ठेवून बसायचास. मला बनवायला निघालास? खरं कारण मला कळलं. गाडी तुझी, आणि तिच्यावर पहिला बसणार दुसरा, हे तुला सोसत नाही. माझंही तसंच होतं. मी केलेली प्रत्येक गाडी गिऱ्हाईक घेऊन जाताना मी आत जाऊन पाणी प्यायचो.

पण आता ऐक, मला काय सापडलं.

हँडल बसवताना डावी बाजू दोन बोटं आत आलेली दिसली. म्हटलं, आला पोराचा डबा. पाइप गरम करून सरळ करायला घेणार होतो. त्याआधी सहज बसून बघितलं. माझा डावा हात कोपरात पुरता उघडत नाही, तुला माहीत आहे, तुझ्या जन्माआधीचं ते पडणं. तो हात न ताणता जाऊन हँडलवर बसला. उजवाही. पाय खाली सोडले तर टाचा टेकल्या. चाळीस वर्षं लोकांच्या हातापायाचं दोरीने माप घेतोय, गाठी मारतोय, भिंतीवर त्यांच्या दोऱ्या टांगतोय. माझ्या मापाची दोरी त्या भिंतीवर कधीच नव्हती. मग मी सीट उचकटली. खाली चुंबळ करून ठेवलेली दोरी. नऊ गाठी. डाव्या हाताच्या गाठी आखूड.

कधी घेतलंस माप? दुपारी खाटेवर झोपलेलो असताना घेतलं असणार. नालायका, उठवलं असतंस तर पोट आत घेतलं असतं.

ही गाडी तू माझी करत होतास. आणि मधेच तो गरम ग्राइंडर तुझ्या हाताला लागला. आता माझ्या लक्षात येतंय की तू काय टाकून गेलास. मला असलं लिहिता येत नाही, म्हणून सोडतो.

रविवारी १९ तारखेला सकाळी ताई येणार आहे. तिच्या समोर मी गाडी काढणार आहे. पाणवठ्याच्या उतारावरून खाली, पुलावरून टेकडीचा रस्ता, वर जाऊन परत. तू नाही म्हणशील तरी जाणार. इतक्या वर्षांत मला कुणी मापाची गाडी करून दिली नव्हती. तू चिडून बस तिकडे.

आप्पा


१९ जानेवारी, रविवार, सकाळ

आप्पा,

हे पत्र तुम्हाला पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितोय, कारण हात कुठे ठेवू ते कळत नाही.

तुमचं पत्र सोमवारीच आलं होतं. मी फोडलं नाही. मला वाटलं, आत शिव्या असतील, इंजिन जड म्हणालो त्याच्या. मला तुमचा राग होता आणि तो मला संपवायचा नव्हता. सहा दिवस पाकीट बुटांच्या फळीवर पडून होतं. आज सुट्टी. खोलीतला रंगारी म्हणाला, तू फोडत नसलास तर मी फोडतो, बघू तुझा म्हातारा काय म्हणतो. मी हिसकावून घेतलं आणि फोडलं.

फाटकाजवळच्या फोनवरून स्पेअरपार्टवाल्याचा नंबर अकरा वेळा लावला. रविवार, दुकान बंद. घंटा वाजतच राहते. तार करून आलो. ती उद्या पोचेल म्हणाले. उद्या.

मानेला टाका नाही आप्पा.

निघायच्या आदल्या दुपारी मी मानेला नुसते चार ठिपके दिले, जागेवर धरून ठेवण्यापुरते. पुरा टाका घातलाच नाही. खाचेत लांबी भरली, पत्र्याचे पोचे बुजवायला भरतात ती. पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केली, वर काळा रंग मारला. लांबीच्या आत, लोखंडावर, टोच्याने तुमच्यासाठी एक शब्द कोरून ठेवला. मला तुम्हाला रंगेहाथ पकडायचं होतं. मी गेल्यावर तुम्ही ताडपत्री काढणार, ग्राइंडर लावणार, आणि पहिला मानेलाच लावणार. मानेचा टाका तुम्ही आजवर कुणाचाच सोडला नाही. लांबी उडेल, आत तो शब्द दिसेल, आणि तुम्हाला कळेल की मला सगळं ठाऊक होतं. एवढाच माझा बेत. त्यातून गाडी अशीही कुणी चालवणार नव्हतं, तुम्ही उघडल्याशिवाय.

तुम्ही उघडणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि शब्द मीच घेतला तुमच्याकडून. नोव्हेंबरात पत्र लिहिताना मला तो सापळा आठवत होता. मनात म्हणत होतो, द्या शब्द, आणि मोडा. मोडलात की धरतो.

तुम्ही मोडला नाहीत. वर लिहिलंत, मानेचा टाका बरा आहे. जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाला बरं म्हणालात, ते लांबीला.  मग सरळ लिहायचं सोडून इंजिन जड म्हणून लिहिलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त होता. तुमचाही, माझाही. तुम्हाला काय एकदाच भरवसा ठेवायचा होता तो इथेच ठेवायचा होता?

उतारावर ब्रेक लावू नका. काय लिहितोय मी.

पुन्हा फोन लावून येतो.


२२ जानेवारी

वायसर,

आप्पा जिवंत आहेत. आधी एवढं वाच, मग खाली बस, मग पुढचं वाच.

तुझी तार सोमवारी दुपारी आली. तिच्यावर काय लिहिलं होतं ते तुला ठाऊक आहे. ती हातात घेतली तेव्हा मी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले होते.

रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली होती. तो जुना चामडी कोट झटकून घातला. गाडी अंगणात काढली, पेचकस दातात धरून इंजिनला एकदा टेकवला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मला म्हणाले, बघ, हात कसे जाऊन बसतात. मला तीन वेळा दाखवलं. ते आता ओठ बघून समजतात, म्हणून समोर जाऊन म्हटलं, दिसलं हो आप्पा, जा आता. मीच म्हटलं जा.

पाणवठ्याच्या उतारापर्यंत पोचलेच नाहीत. फाटकाबाहेर ती पाण्याची चारी आहे ना, तिच्यावरून पुढचं चाक खाली गेलं आणि वर आलंच नाही. हँडल, चाक, सगळं पुढचं एका बाजूला गेलं आणि आप्पा दुसऱ्या. फार वेग नव्हता. उतारावर झालं असतं तर हे पत्र मी लिहिलं नसतं, तुला न्यायला माणूस आला असता. गळ्याचं हाड मोडलंय आणि उजवं मनगट दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, या वयात मनगट पूर्वीसारखं होईल असं समजू नका. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की ते मनगट काय करतं.

आता तुझ्या कर्तबगारीचं. दवाखान्यात न्यायच्या आधी त्यांनी खूण करून तुटलेला भाग जवळ आणायला लावला. मी म्हणत होते, आधी चला, ते ऐकेनात. तुटलेल्या जागी पांढरी भुकटी आणि चार ठिपके. डाव्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी भुकटी पुसली. खाली लोखंडावर कोरलेलं होतं: पुन्हा? मी वाचलं. त्यांनीही वाचलं. मग म्हणाले, हातोडी दे. डाव्या हाताने त्या जागी एकदा वाजवली आणि मला विचारलं, कसा आवाज आला. मी सांगितलं, डब्यासारखा. म्हणाले, हं.

तेवढ्यात स्पेअरपार्टवाला घरून धावत आला, बाकीही आठ-नऊ जण जमले. त्याने चासी बघितली आणि तो म्हणाला, आप्पा, हा टाका कुणाचा. आणि ऐक, तुझ्या कानांना काही झालेलं नाही, तू नीट ऐक. आप्पा म्हणाले, माझा. घालायचा राहून गेला. म्हातारा झालो.

दहा जणांच्या देखत म्हणाले. चाळीस वर्षांचं नाव एका वाक्यात घालवलं. आता सगळीकडे झालंय की आप्पांचा हात गेला, आप्पा मानेचा टाका विसरतात. एक गिऱ्हाईक येऊन आपली गाडी घेऊन गेलं, दुसऱ्याकडून तपासून घेतो म्हणालं.

मी तुझ्यावर लहानपणापासून पांघरूण घातलं. आता माझ्याकडे घालायला काही उरलं नाही. असला खेळ वैऱ्याशी तरी कुणी खेळतं का? तू बोलत का नाहीस रे तोंडाने? तुम्हा दोघांना तोंडं कशाला दिली आहेत?

तुझी बहीण, नाइलाजाने


१४ फेब्रुवारी

वायसर,

डाव्या हाताने लिहितोय. वाचता आलं नाही तर ताईकडून वाचून घे. तिचा राग अजून पिकतोय, तेव्हा जरा लांबूनच विचार.

तुझी तीन पत्रं मिळाली. १९ तारखेचं ठेवलंय. नंतरची दोन माफीची होती, ती चुलीत गेली. मी तुला माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही. मला मनगटाचं दुःख आहे, पडल्याचं नाही. पडलो तर कैक वेळा. पण आयुष्यात एकदा न तपासता बसलो आणि त्या जागी तू लांबी भरलेली. हे मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस. तू विसरलास तर मी आठवण करून देईन. रोज.

त्या दिवशी टाका माझा म्हणालो, त्याबद्दल तू पानभर रडलायस. रडू नकोस. तुझ्या अकरा गाड्यांचं नाव मी तुला फुकट दिलं होतं, त्यापायी तू घर सोडलंस. या बाराव्या गाडीची बदनामीही फुकटच अंगावर घेतलीय. दोन्ही खोटंच होतं. आता खोटं पुरे. स्पेअरपार्टवाल्याला तू स्वतः सांगायचंस, त्याच दहा जणांच्या देखत. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन. ऐकू येणार नाही, पण त्यांची तोंडं बघेन.

गाडी बाकावर आहे. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलाय, टाकी चेपलीय, हँडल शाबूत आहे. डावी बाजू दोन बोटं आतच आहे, मी कुणाला हात लावू दिलेला नाही. दोरी भिंतीवर खिळ्याला टांगलीय, सगळ्यांच्या मधे.

प्लॅस्टर निघालं तरी माझ्याने टाका व्हायचा नाही. बोटं धरत नाहीत. म्हणजे मानेचा टाका तुलाच घालायला लागणार. मार्चची सुट्टी नाही मिळाली तर नोकरी सोड, पण ये. तो सत्तेचाळीसचा ठसाही घेऊन ये, टाका झाल्यावर शेजारी ठोकायला.

टाका झाला की मी तो घासणार आहे. डाव्या हाताने ग्राइंडर धरायला मी आत्तापासून शिकतोय. पोकळ निघाला तर पुन्हा घालशील, पुन्हा निघाला तर पुन्हा. पण बेअरिंगा आणायला तुला बाजारात पाठवणार नाही. तू समोर उभा राहायचंस.

आप्पा